कारणाचा रकाना

दवाखान्याच्या नोंदवहीत सात रकाने आहेत.
तारीख, मालक, गाव, जनावर, जखम, औषध.
सातवा कारणाचा. सगळ्यांत अरुंद,
जेमतेम दोन शब्द मावतील एवढा.

रविवारी रात्री साडेनऊला रुझारचा टेम्पो आला,
दिवे विझवून, चढावर ढकलत आणावा तसा.
आत जनरल. चार पायांवर उभा.
डाव्या बरगडीखाली भोक,
माझी तीन बोटं आत जातील असं.
टॉर्चच्या उजेडात ते भोक
श्वास घेत होतं.

चिंचिणीच्या मळ्यात, कापलेल्या भाताच्या खुंटांवर,
एकवीस मिनिटं.
रुझारनं घड्याळ लावलं होतं.
समोरचा बाणावलीचा,
शिंगं बाटलीच्या काचेनं तासलेली.
"आणि याची?"
"याचीय तासली," तो म्हणाला,
आणि मी टाके घालेपर्यंत
जनरलच्या कानात बोलत राहिला,
भियेवं नाका पुता, भियेवं नाका.

मी रुझारला शिवी देणार होतो.
पण त्याच्या शर्टाला खोबरेलाचा वास होता,
रोज सकाळी तीच पाठ चोळणाऱ्या माणसाचा.
गोठ्यात पंखा आहे. घरात नाही.
रोज बारा अंडी, उकडलेले कुळीथ, सणाला बियर.
पोरगा बोटीवर असतो, त्याचा फोन आला
की आधी जनरलचं विचारतो,
मग आईचं.

बैलाला आवडतं म्हणे.
खुंट्याला बांधलेल्याच्या आवडीनिवडी
खुंटा ठोकणाऱ्यालाच नीट कळतात.

रानात दोन बैल भिडले
तर थोड्या वेळानं एक जण पाठ फिरवतो.
संपलं.
दुसरा मागे जात नाही, फार तर चार पावलं.
हा त्यांचा कायदा, कुठल्याही कोर्टाहून जुना.
मळ्यात मात्र पाठ फिरवलेल्याची
शेपटी पिरगाळतात,
तोंड पुन्हा समोर आणतात,
कारण पैसे लागलेले असतात
आणि लोक दुरून आलेले असतात,
काही जण तर लहान मुलांना खांद्यावर घेऊन.

"दोनदा वळलो तो, दोतोर," रुझार हळूच म्हणाला.
तेव्हा पहिल्यांदा त्यानं मान खाली घातली.
जखमेची नव्हे,
वळण्याची लाज.

सुन्न करायचं औषध अर्धीच बाटली होती.
शेवटचे सहा टाके तसेच घातले.
जनरल हलला नाही.
मला वाटलं, धीर आहे.
नंतर वाटलं, धीर हा आमचा शब्द.
त्याला एवढंच ठाऊक असेल
की हलल्यावर काय होतं.

मी सतरा वर्षं त्या रकान्यात
'तारेचं कुंपण' लिहीत आलो.
माझ्या वह्या खऱ्या धरल्या
तर सासष्टीत तारेशिवाय एक वाफा सापडायचा नाही.
खरं लिहिलं तर पोलीस येतील,
मग पुढच्या वेळी रुझार येणार नाही,
जनरल गोठ्यातच, पंख्याखाली, सडून मरेल.
हे मी स्वतःला सांगतो.
बऱ्याचदा पटतं.

टाके घातल्यावर रुझारनं
पाचशेची नोट टेबलावर ठेवली, ती मी ढकलली,
त्यानं पुन्हा ठेवली.
मग विचारलं,
"म्हयन्यान बरो जातलो मू?"
महिन्यानं.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
नोट ड्रॉवरमध्ये आहे, कापसाच्या गुंडाळीखाली.

आज गुरुवार. सहा रकाने भरलेले.
सातव्यावर पेन टेकवून ठेवल्यानं
निळा ठिपका पसरलाय, डोळ्याएवढा.
मडगावहून साहेबांचा फोन होता,
महिन्याचा अहवाल अडलाय.
कोरं ठेवू नका हो,
ते म्हणाले,
तारच लिहा ना, नेहमीसारखी.